गुरुवारचा स्फटिक

तळवडे, शनिवार

ती. दादासाहेबमामांना जयदीपचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता वळत असेल, मामींची शुगर ताब्यात असेल, असं धरून चालतो. (विचारलंच असतं, पण परवापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही.)

मोशीला तुमच्या घरी तनुजाला पाहायचा कार्यक्रम होता आणि मी आलो नाही, हे खरं. कारण असं, की आमच्या प्रयोगशाळेत लोखंड आणि कोबाल्ट यांचे अणू एकाच रेणूत बांधायचं काम चालतं. दोघं खरंच एकत्र आले का, हे स्फटिक मिळाल्यावरच कळतं, आणि स्फटिक वाढेपर्यंत द्रावणाची काचेची नळी जराही हलून चालत नाही. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायचे प्रेस आहेत. ते चालू झाले की टेबलच काय, भिंतीवरचं कॅलेंडरही हलतं. बंद असतात ते फक्त गुरुवारी, वीकली ऑफला. (तुम्हीही कार्यक्रम गुरुवारीच ठेवलात, कारण सगळ्यांनाच सुट्टी.)

फोनवर हे सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "पोरगी बघायला ये म्हणतोय, ड्यूटीला न्हाई!" विषय संपला असं मी समजलो. तासाभरात तुम्ही पाहुण्यांसकट जीप घेऊन इथेच हजर. सात माणसं आणि पोह्यांचा डबा. सगळ्यांना मी नळीपासून लांब बसवलं. तनुजाच्या आजी छबूबाई तेवढ्या बसल्या नाहीत. त्यांनी नळी उचलली, खिडकीकडे धरली आणि खोकल्याच्या औषधासारखी खळखळून हलवली. "एवढ्याशा बाटलीपायी आला न्हाईस व्हय रं?" तळाला काळी पूड बसली. मी "अहो आजी!" म्हणून ओरडलो. त्यावर पाहुणे उठले, आणि जाताना तुम्ही म्हणालात, "आता लाव लगीन ह्या बाटलीशीच."

ओरडलो त्याची माफी मागतो. तनुजा त्या गोंधळात माझ्याकडे न बघता वाकून टेबलाचे पाय पाहत होती. त्यावरून नकार आहे असं मी समजलो.

तुमचा,
जयदीप

ता. क. पत्र टाकायचं राहून तीन आठवडे झाले. तनुजा चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पुढच्याच गुरुवारी ती एकटी आली आणि टेबलाच्या पायांखाली घालायला रबराचे जाड पॅड देऊन गेली. आता प्रेस धडधडत असले तरी स्फटिक कुठल्याही वारी वाढतो.

आणखी एक. पॅडवर वाढलेल्या पहिल्या स्फटिकाचा रिपोर्ट आला. नुसतं लोखंड, कोबाल्टचा पत्ता नाही. तनुजा म्हणाली, "मग पुन्हा करू की."

शेवटचं, आणि खरं काम. मामा, कार्यक्रम पुन्हा ठरवा. छबूबाईंची समजूत तुम्हीच घालू शकाल. फक्त वार रविवार धरा. गुरुवारी तनुजाला ओव्हरटाइम असतो, असं तिच्या घरी सांगितलेलं आहे.