सुलाच्या सुताचं घोंगडं

३ डिसेंबर, म्हसवड
माग झाडून काढला. बायको गेल्यापासून हात लावला नव्हता, आठ महिने झाले. सुलानं कातलेलं काळं सूत अजून एका घोंगड्यापुरतं आहे. शेवटचंच. सांगलीच्या नव्या कलासंग्रहालयाला तेच हवंय. द्यायचं जिवावर येतं, पण हो म्हणून बसलोय.

८ डिसेंबर
सांगलीला जाऊन आलो. हळदीच्या जुन्या गोदामाचं संग्रहालय केलंय. भिंती पांढऱ्याशुभ्र, वास मात्र हळदीचाच. संगणकवाली पोरं, दोन चित्रकार, मिरजेचे सतार करणारे इब्राहिमभाई आणि मी, सगळे एका टेबलाशी. पोरं भराभर बोलत होती. आम्ही दोघं चहा पीत होतो.
तन्वी नावाच्या मुलीनं दोऱ्याएवढी बारीक तार दिली. सुताबरोबर उभी-आडवी विणायची. घोंगडं दाबलं की तारा एकमेकींना टेकतात आणि पेटीतून आवाज येतो. आवाज सु.चा. ती चरख्यावर बसलेली असताना गेल्या वर्षी याच पोरीनं तासभर टिपून घेतला होता, त्यातलाच एक तुकडा पेटीत घातलाय. ऐकवू का म्हणाली. नको म्हटलं. इतक्या माणसांत कसं ऐकणार?
निघताना बजावलं, "काका, तारेला खळ लावू नका हं."

१९ डिसेंबर
ताण्याचे उभे धागे मागाला लावून झाले. चिंचोक्याची खळ शिजवली. सु. असती तर येता-जाता ढवळून 'पातळ झालीया' म्हणाली असती. यंदा कुणी नावं ठेवायला नाही. पातळच झाली आहे खरं तर.
मुंबईहून मुलाचा फोन. जेवलात का, जेवलो. संपला.

२० डिसेंबर
घात झाला. कुंचा घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ देत गेलो, तारेसकट. चाळीस वर्षं हात तेच करतोय, खळीशिवाय ताणा त्याला माहीतच नाही. वाळल्यावर ध्यानात आलं, तारेवर खळीचा थर बसला, आता तारा एकमेकींना टेकणार कशा? ओल्या फडक्यानं पुसलं, नखानं खरवडलं. निघेना.
तन्वीला कळवलं नाही. विणायला बसलो.

४ जानेवारी
घोंगडं घेऊन सांगलीला. तन्वीनं पेटी जोडली, दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग सांगून टाकलं. ती रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. धुवावं तर तारच जायची म्हणे.
इब्राहिमभाई हात फिरवून बघत होते. म्हणाले, "आवं तात्या, नव्या सतारीचाबी गळा लगीच मोकळा हुईत न्हाई. वाजवत ऱ्हावं लागतं. हे घरी न्या, पांघरा, बसा त्येच्यावर. खळ आपसूक झडंल."
संगणकवाल्यांना पटलं. पेटीसकट परत दिलं. उद्घाटन पुढं ढकललं. माझ्यापायी त्यांचं भिजत घोंगडं.

९ जाने.
रोज वापरतो. अंथरतो, पांघरतो, खांद्यावर टाकून सिद्धनाथाला जाऊन येतो. टोचतं फार. सु. म्हणायची, नवं घोंगडं आणि नवी सून, दोन्हींना वर्ष द्यावं.
पेटी गप्प.

१७ जाने.
झटकलं की भुकटी पडते. जमीन झाडायची आणि पुन्हा झटकायचं, हाच उद्योग. आज दिवसभर कुणाशी बोललो नाही. म्हणजे माणसाशी.

२५ जाने.
दुपारी पडलो होतो. कुशीवर वळताना कोपर टेकलं, आणि
"आवं, च्या निवतोय. या की आता."
उठलो. आलो आलो म्हणत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. तिथं पाय थांबले.
मग उंबऱ्यावर बसून रडलो. ती गेली त्या दिवशी माणसांच्या गर्दीत रडता आलं नव्हतं.

२६ जाने.
सकाळपासून दाबतोय. आधी चरख्याची घरघर, मग तेच वाक्य, मग पुन्हा घरघर. मी मागावर असणार तेव्हा. गेलो होतो का चहाला? आठवत नाही. बहुतेक निवलेलाच प्यायलो असेन.
संग्रहालयात मांडल्यावर कुणीही येऊन दाबणार. शाळेची पोरं, सहलीची माणसं. ती सगळ्यांनाच या म्हणणार. तिला आवडलंही असतं ते, माणसांची तिला हौस. मला आवडत नाही.

२८ जाने.
तन्वीचा फोन. उद्घाटनाची तारीख ठरवायची आहे, सगळ्यांचं झालंय, फक्त आपलंच राहिलंय.
"काका, बोलतंय का?"
"अजून न्हाई," म्हणालो.
बरं म्हणाली, आणखी आठ दिवस बघू. घोंगडं मांडीवरच होतं. फोन संपेपर्यंत दुसरा हात वर धरून बसलो होतो, चुकून टेकू नये म्हणून.