महाडची गाडी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुला काही लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं. तुला वाचायलाही कुठे फारसं यायचं; एसटीची पाटी आणि आपल्या गल्लीतल्या दुकानांची नावं, तीही अक्षर अक्षर जुळवत. तरी आज लिहायला बसले आहे, कारण काल मांडव्याच्या धक्क्यावर मला एक बाई भेटली आणि मी तिला तुझ्याबद्दल काहीतरी सांगून आले. ते तुला माहीत असायला हवं. बाकी कोणाला सांगण्यासारखं ते नाही.

त्या बाईपर्यंत यायच्या आधी मला आपली खानावळ आठवते. उरणच्या रस्त्याला, कंटेनरच्या गाड्या रांगेने उभ्या राहायच्या तिथे, पत्र्याची शेड. बाहेर चार बाकडी, आत तू. तू चुलीपुढे बसली आहेस, तोंडाला पदर लावून फुंकणी फुंकते आहेस, आणि मी ओट्यावर डबे मांडते आहे. प्रत्येक डब्याच्या झाकणाला वेगळ्या रंगाची सुतळी, कारण ड्रायव्हर लोक स्वतःचा डबा ओळखायचे नाहीत, पण तू ओळखायचीस. खाली भात, वर वालाचं बिरडं नाहीतर सुक्या बोंबलाचं कालवण, सगळ्यात वर तांदळाची भाकरी. फळीवर तू मला घेऊन दिलेला ट्रान्झिस्टर. त्यावरची नाटकं ऐकता ऐकता मी कांदे चिरायची, आणि नाटक रंगलं की माझा हात थांबायचा. तू नुसती कढईवर उलथनं आपटायचीस.

बाबा तेव्हा मिठागरावर कामाला जायचे. एका सकाळी त्यांचा डबा भरताना तू थांबलीस. भाताच्या टोपात वाकलीस, परत डब्याला नाक लावलंस आणि मला म्हणालीस, "बघ गो, या भाताला वास का न्हाय?" मी वास घेतला. गरम भाताला येतो तसाच येत होता. तू खांदे उडवलेस आणि डबा बांधून दिलास. दुपारी मिठागरावरचे लोक बाबांना खाटेवर घालून घेऊन आले. बांधावर चालता चालता खाली बसले होते, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. डबा तसाच बांधलेला परत आला होता आणि तू तो किती तरी वेळ मांडीवर घेऊन बसली होतीस. मला वाटलं, दुःखाने.

मग काही वर्षांनी एक म्हातारा क्लीनर होता, त्याच्या डब्याचं तसंच झालं. तो गाडीच्या केबिनमध्ये झोपेतच गेला. त्या दिवशी तू मला मागच्या दाराला नेऊन सांगितलंस, "एकाच डब्यातला वास जातो. बाकीच्यांचा ऱ्हातो. तुज्या बाबाच्या येलेला पण असंच झालेलं." मी घाबरले, आणि खरं सांगायचं तर जरा खूशही झाले. माझ्या आईला असं काही कळतं, जे कोणालाच कळत नाही! दुसऱ्याच दिवशी शाळेत मैत्रिणीला सांगून टाकलं. ते फिरत फिरत तुझ्या कानावर आलं तेव्हा तू मला मारलं नाहीस. ओल्या हाताने माझी हनुवटी धरलीस आणि म्हणालीस, "लोकं हसतील, न्हायतर दारात रांग लावतील. मला दोनी नको. आता परत बोललीस तर तुज्याशी बोलायची न्हाय मी." तुझ्या न बोलण्याची मला माराहून जास्त भीती होती.

आणि मग ती महाडची गाडी. दोन ड्रायव्हर होते, दोघंही आपल्याकडेच जेवणारे. एक तरुण, नुकतं लग्न झालेला, हसरा. महाडच्या कारखान्याला माल न्यायची गाडी त्याची. दुसरा त्याच्याहून वयाने मोठा, कमी बोलणारा, ताटात एक शीत न ठेवणारा. त्याच्या बायकोला कावीळ झाली होती म्हणून त्यांची लहान मुलगी तळा गावी आजोळी ठेवली होती. बायको बरी होत आली होती, पण पोरीवाचून सारखी रडायची, असं तो सांगायचा. त्या सकाळी तू तरुण ड्रायव्हरचा डबा भरायला घेतलास आणि तुझा भात वाढायचा डाव हवेतच राहिला. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि समजले. तू डबा खाली ठेवलास, बाहेर गेलीस आणि त्याच्यासमोर उभी राहिलीस.

"आज गाडी काढू नको."

"का मावशी?"

"माजं ऐक. आज घरी जा. बायकोपाशी बस."

तो हसायला लागला, मग तुझा चेहरा बघून थांबला. गावात कुजबुज होतीच, त्याच्याही कानावर असणार. त्याने मालकाला सांगितलं की पोट बिघडलंय. मालक चिडला, गाडी भरून उभी होती, दुसरा माणूस शोधायला लागला. तेवढ्यात तो दुसरा ड्रायव्हर चहाचा ग्लास ठेवून उठला. म्हणाला, मी नेतो. त्याला महाडचा रस्ता आवडत नसे, वळणांनी पित्त होतं म्हणायचा, म्हणून मला नवल वाटलं. डबा घ्यायला आत आला तेव्हा तुला हळूच म्हणाला, "मावशी, येताना इंदापूरला गाडी लावतो आन मिनिडोर रिक्षाने तळ्याला जाऊन पोरीला घेऊन येतो. बायकोला बोललो न्हाय. दारात पोर उभी केली की हसंल जरा." तू त्याचा डबा भरलास. तुझा हात थांबला नाही. भाताला वास होता, तू नंतर मला शपथेवर सांगितलंस की होता, चांगला येत होता. तुला वाटलं, टळलं. तू त्याला वरून एक भाकरी जास्त घातलीस, पोरीसाठी.

जातानाच, नागोठण्याच्या पुढे गाडी उलटली आणि तो जागीच गेला. संध्याकाळी बातमी आली तेव्हा तरुण ड्रायव्हर आपल्याच बाकड्यावर बसला होता. तो तुझ्या पाया पडला, रडला आणि मग सगळ्या रस्त्याला सांगत सुटला की मावशीने मला वाचवलं. त्याला वाईट काही करायचं नव्हतं. पण ते तिच्याही कानावर गेलं आणि बारावं झाल्यावर ती आली, त्या दुसऱ्याची बायको. अंगावरचा पिवळेपणा अजून गेला नव्हता. तिच्या कडेवर ती मुलगी होती, तळ्याहून आणलेली, आईच्या गळ्यातली काळी पोत शोधत मानेवर बोटं फिरवणारी.

"त्याला थांबवलात," ती म्हणाली. "माज्या माणसाला डबा भरून दिलात. तो तुमचा कोण लागत होता आन माजा माणूस कोण न्हवता?"

तू चुलीपाशी उभी होतीस. "व्हय," म्हणालीस, "दिला मी डबा."

"तुमाला म्हाईत होतं."

ती थुंकली, तुझ्या अंगावर नाही, चुलीत. आणि गेली. मी तिच्या मागे धावणार होते. मला सगळं सांगायचं होतं, भाताला वास होता ते, तळ्याचं, पोरीचं. तू माझा दंड असा धरलास की दुसऱ्या दिवशी वळ होते.

"काय सांगणार हाईस? पोरीला आणाया गेला म्हून? मग ती बाय त्या पोरीच्या तोंडाकडं कशी बघंल जलमभर? आन पोर मोठी झाल्यावर काय म्हनंल? माज्यावर राग हाय, तो ऱ्हाऊ दे. मी कोन हाय तिची?"

मग तू बसलीस आणि जे बोललीस ते मी कधीच विसरले नाही. म्हणालीस, एकाच्या डब्यातून काढलं आन दुसऱ्याच्यात घातलं, बाये. मी तुला म्हटलं की असं नसतं. तू मान हलवलीस, जशी लहान मुलाला हो म्हणतात तशी.

खानावळ तू लगेच बंद केली नाहीस, ती आपोआप बंद पडली. निम्मे ड्रायव्हर तुझ्या डब्याला हात लावायला घाबरायला लागले. उरलेले रोज सकाळी तुझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, तू डाव कसा धरतेस ते न्याहाळत. कुठल्या कुठल्या गावांहून लोक यायला लागले, कोणाचा मुलगा परत आला नाही, कोणाचं ऑपरेशन आहे. येताना तांदूळ आणायचे. तू दार लावून घ्यायचीस. त्यानंतर आपल्या घरात भात शिजला नाही. भातशेतीच्या मुलखात, सणालासुद्धा, आपण भाकरी खाल्ली. पाहुणे चिडवायचे, आणि तू म्हणायचीस, भात मला पचत न्हाय. ती बाई बाजारात समोरून आली की तू रस्ता बदलायचीस. सुक्या मासळीच्या ओळीत एकदा तिने मुद्दाम तुला धक्का दिला, तुझी टोपली पडली, आणि तू खाली बसून सुकट वेचत राहिलीस. मी वेचायला वाकले नाही. मला तुझी लाज वाटली होती त्या दिवशी.

तू गेल्यावर मी काय करते हे तुला सांगायचं राहिलं. मी गोष्टी लिहिते. ऐकायच्या गोष्टी, मालिका, लोक मोबाइलवर ऐकतात. साहसाच्या आहेत. त्यांत सगळी साधी माणसं: एसटीचा एक कंडक्टर, त्याला तिकीट फाडताना प्रवाशाच्या मनातलं ऐकू येतं. पेणचा एक मूर्तिकार, तो झोपेत दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो. आणि एक खानावळवाली, तिला डबा भरताना पुढचं कळतं. कोणालाही त्यांच्याबद्दल माहीत नाही. वाईट लोक त्यांच्या मागावर आहेत. ती खाडीतून, मिठागरांतून, सुरूच्या बनांतून निसटतात आणि भागाच्या शेवटी कोणीतरी वाचतं. खानावळवाली तर दर वेळी वाचवते. तिच्या दाराशी नंतर जाब विचारायला कोणी येतं, ते मी लिहिलं नाही. मुलांना ती फार आवडते. मुंबईला आवाज भरायला मी मांडव्याहून बोटीने जाते आणि काचेपलीकडे एक शिकलेली नटी तुझ्यासारखं "व्हय" म्हणायचा प्रयत्न करत असते. तिला ते जमत नाही. मी सांगत नाही.

ती मालिका ऐकूनच या बाईने मला निरोप पाठवला होता की बोटीच्या आधी भेटाल का. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभी होती, पांढरे बूट, नर्स आहे म्हणाली. कपाळ आणि भुवया बापाच्या. तिने नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं.

"ती खानावळवाली म्हणजे तुमची आई ना?"

मी हो म्हटलं.

"माझे पप्पा तुमच्याकडे जेवायचे. माझी आई मागच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत म्हणायची, त्या बाईला माहीत होतं." ती भांडायला आली नव्हती. खूप दिवस काम करून दमलेलं माणूस बोलतं तसं बोलत होती. "मला तसल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण एक विचारायचंय. ती गाडी पप्पांची नव्हती. तो रस्ता त्यांना आवडायचा नाही. आई आजारी होती, घर सोडून लांब जायचं नाही असं त्यांचं ठरलेलं. मग त्या दिवशी ते का गेले? तुम्ही तिथे होता. तुम्हाला आठवतं का काही?"

तिच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी होती, ती तिने बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. तिला पप्पांचा चेहरा आठवतो का, असं मी विचारलं. म्हणाली, नाही, फक्त तळ्याला आजीच्या पडवीत वाट बघत बसायची ते आठवतं. कोणाची, ते नाही आठवत.

आई, मी तिला सांगितलं, "माझ्या आईनेच त्यांना पाठवलं. गाडीला ड्रायव्हर नाही, तू जा, म्हणाली. त्यांना जायचं नव्हतं."

ती पाण्याकडे वळली. बोटीतून उतरलेली माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी चालली होती, कोणाच्या तरी बॅगेचं चाक तिच्या बुटावरून गेलं तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझी आई बरोबर होती." तिच्या आवाजात पहिल्यांदा जोर आला. "आणि तुम्ही तिला गोष्टीत देवी करून ठेवलीय." चहाचे पैसे तिने मला देऊ दिले नाहीत. पेण-पनवेलच्या बसकडे ताठ चालत गेली.

माझी बोट चुकली. पुढच्या बोटीला मी चढलेच नाही. घरी आले आणि खानावळवालीचा पुढचा भाग लिहायला बसले, तो लिहिला गेला नाही. तिला मालिकेतून काढून टाकावं लागेल बहुतेक. मुलं विचारतील. तुझ्यावर जो आळ होता तो मी आणखी वाढवून ठेवला आणि आता तो पुसणारं कोणी उरलेलं नाही, तू नाहीस, ती बाई नाही, तो तरुण ड्रायव्हर दुबईला गेला तो गेलाच. उरले मी. हे पत्र घरात ठेवता येणार नाही, कोणाच्या हाती लागलं तर सगळं वाया. लिहून झालं की जाळणार आहे.

तू असतीस तर हेच केलं असतंस, असं मी काल संध्याकाळपासून स्वतःला सांगते आहे. पण तुझ्याइतकी घट्ट मी नाही. ती बसकडे जाताना एकदा थांबली होती, मागे वळून माझ्याकडे बघितलंही. तिने आणखी एकदा, नुसतं एकदा विचारलं असतं, तर मी सगळं सांगून टाकलं असतं.