डेटा सोर्स : वैजनाथ

२ जानेवारी २०२५
काल मुद्दाम काही लिहिलं नाही. पहिल्या तारखेला संकल्प कुणीही करतं.
संकल्प : खर्डा गावाचं स्वतःचं फिटनेस ॲप. नाव 'खर्डा फिट'. बनवणार मी, एकटा. इतकी वर्षं स्टँडसमोर कॉम्प्युटर क्लास चालवतोय, तो काय पोरांना टायपिंग शिकवण्यासाठीच?
नगरहून घड्याळांची जोडी आणली. पल्स आणि पावलं मोजणारी. एकावर एक फ्री. एक मला. दुसरं सुकन्याच्या हातात बांधलं, कारण टेस्टिंगला आणखी एक मनगट लागतं आणि बायकोचं घरातच उपलब्ध होतं. ती म्हणाली, मला कशाला, माझं हात दिवसभर शेणात. म्हटलं, वॉटरप्रूफ आहे.

४ जानेवारी
घड्याळाचे आकडे ॲपमध्ये आणून देणाऱ्या जोडणीचं, म्हणजे एपीआयचं, गाईड वाचलं. इंग्रजीत आहे, पण माझं अडत नाही. पहिलाच नियम : आकडा कुठून आला ते ओळखा आणि त्या सोर्सचं वर्णन लिहा. घड्याळातून, मोबाईलमधून की वजनकाट्यातून? सेन्सरनं थेट दिलेला, म्हणजे 'रॉ', की त्यावरून हिशोब करून काढलेला, म्हणजे 'डिराइव्ह्ड'? प्रत्येक यंत्राला वेगळं नाव, वेगळा नंबर. फार शिस्तीचा मामला आहे. मला मानवणारा.
वर्णन भरलं. यंत्र : घड्याळ. डेटा : पल्स, पावलं. नाव : वैजनाथ.
दुसऱ्या घड्याळाचंही भरलं. नाव : वैजनाथ. घराचा उतारा, लाईटचं मीटर, म्हशींचा विमा, सुकन्याच्या मोबाईलचं सिम, सगळं माझ्या नावावर आहे. घड्याळानं काय पाप केलंय? नंबरही दोन्हींना एकच दिला. तिच्या घड्याळासाठी माझा जुना मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. अकाउंट अर्थात माझंच.

६ जानेवारी
पुतणी दिशाचा पुण्याहून फोन. सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणून काकाला शिकवते. म्हणाली, काका, दोन घड्याळांना दोन नावं दे, नाहीतर कुणाचं काय ते कळणार नाही. म्हटलं, आपल्याकडे घर एकत्र असतं, तुमच्या फ्लॅटसारखं नाही. काकूला फोन दे म्हणाली. काकू गोठ्यात होती.

८ जानेवारी
उद्यापासून पहाटे किल्ल्यापर्यंत चालत जाणार.

९ जानेवारी
थंडी फार. स्टँडपर्यंत गेलो. चहा. तिथूनच किल्ला बघितला.
पण आश्चर्य! संध्याकाळी पावलं बघितली तर किल्ल्याला कित्येक फेऱ्या मारल्यासारखी. चहानंतर दिवसभर खुर्चीतून उठलो नव्हतो. विचार केला आणि उलगडा झाला : कीबोर्डवर बोटं चालतात ती घड्याळ धरतं. बौद्धिक कामाचीही कुठेतरी दखल घेतली जाते तर. बरं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत
गोड बंद. तिळाचे लाडू खाल्ले, पण तीळ रॉ आणि लाडू डिराइव्ह्ड. मूळ सोर्स पौष्टिकच.
गोठ्यातला गडी हनुमंत आणि त्याची बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच येणार. तोवर धारा, शेण, वैरण सगळं सुकन्याकडे. हल्ली ती वैरणीचा भारा घेऊन येताना मध्येच दगडावर टेकते. कामाचा कंटाळा माणसाला बसायला लावतो.

२१ जानेवारी, सकाळी आठ
घाबरलोय. लिहिताना अक्षर वाकडं येतंय.
उठून मोबाईल बघितला तर लाल इशारा. पहाटे पल्स एकशे चाळीसच्या वर, आणि तोही वेडावाकडा. मी तेव्हा गाढ झोपेत! घरात चिडीचूप होतं. सुकन्या गोठ्यात धारा काढत होती, आई देवापाशी. म्हणजे बाहेरचं कारण नाही. बिघाड आतलाच.

२३ जानेवारी
कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. आईला, सुकन्याला, शेजारच्या अजिनाथला आणि क्लासच्या दोन्ही बॅचना सांगितलं.
सुकन्याचं तोंड उतरलं. म्हणाली, तुमी पडा, मी बघते सगळं. बाई तशी चांगली आहे.
गावातल्या डॉक्टरकडे जाणार नाही. तो मनगट धरून छताकडे बघतो. माझ्याकडे सेन्सर आहे.

२ फेब्रुवारी
आज चमत्कार. दुपारी तीन ते सहा पल्स संथ. मी झोपूनच होतो. सुकन्या शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, तिथेच बसून राहिली. घरात भांड्यांचा आवाज नाही. निष्कर्ष : पूर्ण विश्रांती हाच उपाय. उद्यापासून अंथरूण सोडायचं नाही.

६ फेब्रुवारी
विश्रांतीचा चौथा दिवस. पल्स जास्तच बिघडला.
काही समजत नाही. पाणी सुकन्या उकळून देते. बिनमिठाची भाजी वेगळी करते. पाय चेपते. क्लासची खोलीही तीच उघडते, झाडते, पोरांना बसवते, मग गोठा. मी कूससुद्धा तिला विचारून बदलतो. तरी इशारे दिवसाला चार-चार. पावलं तर वाढतच चालली आहेत. पडून राहिलेल्या माणसाची पावलं वाढतात, हे वाचून अंगावर काटा आला. मी आतल्या आत कुठे चाललोय?

१० फेब्रुवारी
आई, म्हणजे झुंबरबाई, दारात उभी राहून म्हणाली, आरं, तुझ्या बायकूच्या पायावर सूज हाय, जरा बघ की तिच्याकडं. आईला सगळ्यांचं दिसतं, पोटच्या पोराचं नाही.
विचारलं सुकन्याला. म्हणाली, काय न्हाई, लई दम लागतोय फक्त, रातीला आडवं पडवत न्हाई, बसून झोपते. म्हटलं, मग मला उठवत जाऊ नकोस बसताना, माझी झोप चाळवते. ज्याला खरंच त्रास असतो तो एवढं बोलत नाही. माझंच बघ.
तिला खोकलाही आहे. मला लागण होता कामा नये. तिची गोधडी बाहेरच्या खोलीत टाकायला सांगितली.

१५ फेब्रुवारी
शास्त्रीय पद्धतीनं शोध घेतला. गाईडमध्ये दिल्याप्रमाणे सगळे सोर्स एकेक करून तपासले.
वजनकाटा : बंद केला. इशारे चालू.
माझ्या मोबाईलचा पावलं मोजणारा सेन्सर : बंद केला. पावलं चालू.
उरली घड्याळं. दोन्हींपुढे नाव वैजनाथ, नंबर एकच. दोन्ही सोर्स एकमुखानं एकाच माणसाकडे बोट दाखवतात. याहून भक्कम पुरावा काय हवा?
दिशाचा मेसेज : काका, ज्या दिवशी त्रास होतो त्या दिवशी दुसरं घड्याळ काढून ठेव आणि बघ. उत्तर दिलं नाही. टेस्टिंग मध्येच तोडायचं नसतं.

१८ फेब्रुवारी
मृत्युपत्राचा कच्चा मसुदा. माझ्यानंतर घर, मीटर, म्हशी सगळं सुकन्याच्या नावावर व्हावं. लिहिताना डोळे भरून आले. तिला बोलावून वाचून दाखवलं. ती भिंतीला धरून उभी होती. म्हणाली, असं अभद्र बोलू नका. ओठ निळसर दिसले. जांभळं खाल्लीस का म्हणणार होतो, पण हा जांभळांचा मोसम नव्हे. थंडीनं असेल.
बाहेर मात्र ऊन पडायला लागलंय.

२२ फेब्रुवारी
ॲपच्या पहिल्या पानावर गावकऱ्यांना शेवटचा संदेश टाकायचा आहे. तीन ओळी झाल्या. चौथीत अडलो.
आज दुपारी इशारा थांबेचना. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत पडलो. सुकन्याला हाक मारली, पाणी दे म्हणून. बऱ्याच वेळानं आली. वैरणीचा भारा बांधाशीच टाकून आले म्हणाली. तांब्या माझ्या हातात देऊन माझ्या उशाशीच खाली बसली, लवकर उठली नाही. माझी काळजी तिला फार.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
ठरलं. उद्या नगर. अजिनाथची जीप सांगितली.
सुकन्याचा उपवास. संध्याकाळी उंबऱ्यापाशी बसून म्हणाली, जीप जातीच हाय तर मलाबी न्या, एकदा दाखवून घेते. तिनं आपणहून काही मागायची ही पहिलीच वेळ, म्हणून नोंद करतोय. म्हटलं, एका वेळी एकच पेशंट बरा. शिवाय धारा कोण काढणार? ती व्हय म्हणाली आणि उठायला गेली. दोनदा प्रयत्न करून उठली.

२७ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. नगर, हॉस्पिटल
मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत, डॉ. रोहिणी. सगळा डेटा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. म्हणाल्या, हा पल्स खरा असेल तर तुम्ही चालत आत यायला नको होतं. मी नम्रपणे हसलो.
ईसीजी झाला. आता मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर पळवून बघणार. नर्सनं घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवायला लावलं.

सव्वाअकरा
लिहून ठेवलंच पाहिजे. घड्याळ ट्रेमध्ये. हात मोकळा. मी खुर्चीत. आणि मोबाईलवर लाल इशारा! पल्स एकशे साठ. याचा अर्थ तंत्रज्ञान एवढं पुढे गेलंय की हातात घड्याळ नसतानाही माणूस ओळखतं. बाईंना धावत जाऊन दाखवलं.
त्यांनी मोबाईल आणि माझं मोकळं मनगट बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, या अकाउंटवर दुसरं घड्याळ कुणाच्या हातात आहे?

दुपार
सुकन्याचा फोन वाजतोय, उचलत नाही.
उचलत नाही.
अजिनाथच्या घरी लावला. त्यांनी आईला बोलावलं. आई धड बोलत नव्हती. गोठ्यात पडलीय, तोंडाला फेस, श्वास घेता येत न्हाई, एवढंच कळलं. जामखेडहून ॲम्ब्युलन्स सांगितली. डॉ. रोहिणी स्वतः त्यांच्याशी फोनवर बोलल्या.
घड्याळ अजून आकडे पाठवतंय. मी बघतोय. दुसरं काही करता येत नाही.

२८ फेब्रुवारी
आयसीयूच्या बाहेर. सुकन्याला काल रात्री इथेच आणलं.
हृदयाची झडप आकसलीय. फुफ्फुसात पाणी. मशीनवर ठेवलंय. डॉ. रोहिणी म्हणाल्या, एक महिना आधी आणलं असतं तर गोळ्यांवर आणि साध्या उपचारांवर भागलं असतं. आता सांगता येत नाही.
त्यांनी विचारलं, दम कधीपासून लागतो? मला माहीत नव्हतं. आईला फोन केला. आई म्हणाली, दिवाळीपासनं. लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे का, झडप त्यानंच खराब होते? माहीत नव्हतं. तिच्या भावाला विचारलं, तो म्हणाला, व्हय, सहावीत असताना शाळा बुडाली होती. रक्तगट? माहीत नव्हता. मग त्यांनी विचारायचं बंद केलं.
म्हटलं, माझ्याकडे आठ आठवड्यांचा पूर्ण डेटा आहे. जाताना एका तरुण डॉक्टरनं मोबाईल हातात घेतला, बघितला आणि विचारलं, वैजनाथ कोण?
दुपारी त्या सोर्सचं वर्णन नव्यानं भरलं. नंबर वेगळा. नाव : सुकन्या. जतन केलं. स्क्रीनवर आलं की या नावावर मागील कोणताही डेटा नाही.
मला फार भीती वाटतेय. हे कुणाला सांगू, कळत नाही. एरवी तिलाच सांगत होतो.
आत्ता नर्स येऊन माझी फाईल देऊन गेली. कालचे सगळे रिपोर्ट आलेत. म्हणाली, काका, तुम्हाला काहीही झालेलं नाही.