हेड्रियनचा हिरवा रंग

३ ऑक्टोबर २०२४, नोव्हाय
चार महिन्यांनी अमेरिकेतल्या घरी. आईचं आजारपण, मग तिचे दिवस – सगळं नागपुरात एकटीने निभावलं. आणि एअरपोर्टवर प्रताप नाही! "टॅक्सी कर, सोपं पडेल," म्हणे फोनवर. चाळीस वर्षांच्या संसारानंतर!
आत आले तर हा टेबलाशी, रोमन राजांची ब्राँझची नाणी पसरून. मानही वर केली नाही. "आलीस? चहा टाकतेस?"

५ ऑक्टोबर
विचारलंच. निदान तेराव्याला तरी का आला नाहीस?
"कॉइन क्लबमध्ये माझं लेक्चर होतं. कॅन्सल कसं करणार?"
ट्रेजन, हेड्रियन – दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी वेळ आहे. माझ्या आईसाठी नाही.

६ ऑक्टोबर
अनुष्काला फोन केला. "लेट इट गो, आई. दॅट्स जस्ट बाबा." पोटची पोरगी!

९ ऑक्टोबर
जमिनीत पडून पडून नाण्यावर हिरवा थर चढतो. तो गेला की नाणं मेलं, म्हणतो प्रताप. मला कधी हात लावू दिला नाही.
आज शेजारचा अतुल त्याला दिवसभरासाठी देवळात घेऊन गेला. मी नाण्यांचा डबा उघडला. चिंच कोळली, मीठ घातलं, अठराच्या अठरा नाणी भिजत टाकली. दुपारी काथ्याने घासली. आई देवाची पितळी भांडी घासायची तशी, जोर लावून. हेड्रियनची दाढी लखलखली!
पुसून परत डब्यात ठेवली. वाईट वाटलं नाही. अजिबात नाही.

१० ऑक्टोबर
त्याने डबा उघडला नाही अजून. ओरडू दे, आदळआपट करू दे. आपलं माणूस गेल्यावर कसं वाटतं, कळू दे एकदा.

११ ऑक्टोबर
सकाळी त्याने हेड्रियन काढला. खिडकीपाशी नेला, कडेवरून अंगठा फिरवला. मी ओट्याशी उभी, बघत. त्याने नाणं माझ्यासमोर धरलं.
"सुनेत्रा, हा हिरवा रंग बघ. असा दुसऱ्या कशावर नाही."
नाणं पिवळंधमक होतं.
"प्रताप... तुला दिसत नाही?"
त्याने नाणं मुठीत मिटलं. मग म्हणाला, "जूनपासून. नजरेच्या मधलं सगळं धूसर दिसतं. एअरपोर्टवरची पाटीसुद्धा वाचता आली नसती गं. तू तिकडे आईपाशी बसलेली – तुला काय सांगणार?"

१२ ऑक्टोबर
डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मंगळवारची. ड्राइव्ह मी करणार. नाण्यांचं सांगितलेलं नाही.