बॉनेटवरची देवीची खूण

शुइवेई (युन्लिन)
२० एप्रिल २००२

ती. ताईस,
चिनफाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हे पत्र, नाहीतर अशी बातमी मी दहा दिवस खिशात घेऊन हिंडलो नसतो. आधी हे सांगतो की आत्या बरी आहे. दहा तारखेला पहाटे ती नेहमीसारखी खांद्यावर कावड घेऊन कांद्याची पात बाजारात न्यायला निघाली. कालव्याच्या रस्त्यावर मागून गाडी आली, तिला उडवलं आणि निघून गेली. उजव्या खांद्याचं हाड मोडलंय, गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. गाडी तिनं पाहिलीच नाही. गाडी थांबली, दार उघडलं आणि मग ते दार पुन्हा लागलं, एवढंच तिला आठवतं. ताई, ते दार लागणं माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणजे उतरून बघितलं आणि परत जाऊन बसला. विचार आला की तोंड कडू होतं.

गाड्या रंगवणाऱ्या सगळ्यांकडे पोलीस चौकशी करून आले. माझ्याकडे आले नाहीत, कारण मी रंग लावतच नाही. मी नुसते पोचे काढतो, हे आता गावालाही पाठ झालंय.

कामाचं म्हणशील तर तेरा तारखेला फांग साहेब आले होते. ते जूनमध्ये गावपरिषदेला उभे आहेत. रुपेरी गाडी, बॉनेटवर दोन पोचे. प्रचाराच्या मांडवातून तांदळाचं पोतं आणि एक बांबू पडला म्हणाले. रंग खरवडायचा नाही, मूळचाच रंग राहिला पाहिजे आणि काम आजच झालं पाहिजे. मोठा पसरट पोचा मी आतून सळई घालून, ट्यूबच्या उजेडाच्या रेघा पत्र्यावर पाडून, जरा जरा करत वर आणला. रेघ वाकते तिथे पत्रा बसलेला असतो. ती सरळ झाली की डोक्यातला गोंधळही थांबतो, आणि त्या आठवड्यात मला तेच हवं होतं. दुसरा पोचा लहान, पण खोल आहे आणि बॉनेटच्या आतल्या पट्टीवर आलाय. त्याच्यासाठी पुन्हा यायला सांगितलं. पहिला कुठे होता ते तुझ्या डोळ्यांनाही सापडणार नाही. इतकं केल्यावर त्या गृहस्थानं माझ्याच उंबऱ्यावर सुपारीची पिंक टाकली. मी ती पाण्यानं धुतली, तरी जेवण गेलं नाही.

तुझ्या वाळवलेल्या माकुळांची आत्या रोज आठवण काढते. रागावणं चालेल, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
चिनफा


पेंगहू
२९ एप्रिल

चि. चिनफास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दिवसभर हात कामाला लागला नाही. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, मी अकरा. त्या बाईनं स्वतःचं लग्न मोडून आपल्याला वाढवलं आणि तिला कोणीतरी रस्त्याकडेला टाकून गेला, जसं मेलेलं कुत्रं लोक ओलांडून जातात. मला शिसारी येते. या माणसाच्या घरी कोणी म्हातारं नसेल का? रोज तो जेवतो कसा?

आत्याला माकूळ पाठवलेत. भातावर वाफवून दे, नुसते चघळायला देऊ नकोस, तिचे दात आता पूर्वीचे राहिले नाहीत. गुडघ्याला आल्याचा शेक दे. तुझ्या मेव्हण्यांना यंदा वाऱ्यानं दोन जाळी गमवावी लागली, त्यामुळे मला लगेच निघता येत नाही. जीव मात्र तिकडे आहे.

आता तुला जरा बोलते. आत्या दवाखान्यात आणि तू त्या पिंक टाकणाऱ्याच्या पुढेपुढे करतोस, हे मला आवडलं नाही. लहानपणीही कोणी जरा दरडावलं की तू आपली बोरं त्याच्या हातावर ठेवायचास. आणि काय रे, तुमच्याकडे मांडवात तांदळाची पोती छताला टांगतात का? बांबू पडला हे समजतं. पोतं कुठून पडलं?

म्हातारीला जप. इकडची ओढ आहे तशीच आहे, ती तू ओळखून घे.

तुझी,
ताई


शुइवेई
७ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पोतं माझ्या डोक्यात बसलं. पण आधी इकडचा तमाशा ऐक.

चार तारखेला माझू देवीची पालखी फिरली. यंदा ती फांगच्या दारावरून गेली. भोई जोशात होते, पालखी डुलत डुलत त्याच्या गाडीजवळ आली आणि फटाक्यांच्या धुरात पुढे गेली. टेकली की नाही, कोणाला दिसलं नाही. अर्ध्या तासात कर्ण्यावरून फांगचा आवाज आला की देवीच्या दांड्यानं त्याच्या बॉनेटवर खूण केली, देवीनं त्याला निवडलं. लोक धावले. मीही गेलो. बघतो तर मी दुसऱ्या खेपेसाठी ठेवलेला तोच पोचा. त्याच्यावर लाल रिबन, पुढे उदबत्त्या, आणि शंभर माणसांची रांग हात लावायला उभी. फांग हात जोडून उभा होता आणि तोंडात सुपारी तशीच. देवीच्या नावावर मतं मागायला लाज नाही ती नाहीच, निदान तोंड तरी धुवायचं.

मी गप्प राहिलो. माझं दुकान देवळाच्या भिंतीला लागून आहे आणि निम्मं गिऱ्हाईक त्याच्या घरोब्याचं आहे. तू बोरांची गोष्ट काढलीस ती खोटी नाही.

परवा आत्यानं कावड दुरुस्त करायला दिली. टोक तडकलंय. ते चपटं टोक आणि दोरी घसरू नये म्हणून ठोकलेली खुंटी हातात घेतली आणि तो उरलेला पोचा आठवला. ज्या पोच्याला मी आतून चाचपलंय त्याचं माप माझ्या बोटांत राहतं. पालखीचा दांडा गोल आणि वाडग्याएवढा जाड असतो. हा पोचा दोन बोटं रुंद, चपटा, आणि शेजारी खुंटीचा खड्डा. खात्री करायला दुपारी लोक जेवायला गेल्यावर मी कावडीचं टोक त्याच्यावर धरून पाहिलं. डब्याला झाकण बसावं तसं बसलं.

म्हणजे पहिला पसरट पोचा कशाचा, ते तुला सांगायला नको. तो आत्याच्या खांद्याचा होता, ताई. मी तो माझ्या हातांनी पुसला. रंगाला ओरखडासुद्धा न येऊ देता पुसला, आणि वर तुला त्याची फुशारकी लिहिली. मला माझ्या हातांची किळस वाटते.

आणखी एक. तिथून निघताना रांग पुन्हा लागली होती. त्या रांगेत हात झोळीत घेऊन आत्या उभी होती. तिनं डाव्या तळव्यानं तो पोचा कितीतरी वेळ दाबून धरला, डोळे मिटून. फांगनं तिला कोपराला धरून आधार दिला आणि कोणीतरी त्या दोघांचा फोटो काढला. मी ओरडायला हवं होतं. मी पानपट्टीच्या मागे उभा राहिलो.

काय करू ते लिही. या पत्राला तुझी माया मिळेल की नाही, ठाऊक नाही.

चिनफा


पेंगहू
१३ मे

चिनफा,

आशीर्वाद मागाहून देते.

ज्यानं उडवलं त्यानंच कोपराला धरलं. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि पत्र घराबाहेर ठेवून आले, घरात नको वाटलं. चोर तो चोर वर शिरजोर ऐकलं होतं. हा तर चोर देव्हाऱ्यात जाऊन बसला.

तुझं दुकान जाईल, जाऊ दे. इकडे बोटींनाही पोचे येतात. पण आत्याला आणखी एक दिवस त्या खोट्या खुणेला नमस्कार करू दिलास तर तुझ्यात आणि फांगमध्ये मला फरक दिसणार नाही. त्यानं दार लावून घेतलं. तूही तेच करतोयस. आधी आत्याला सांग, मग कावड घेऊन पोलिसांकडे जा. आणि तू काय पुसलंस तेही तिला सांग, तुझ्या तोंडून. तेवढंच गिळून टाकशील, मी तुला ओळखते.

आठवड्यात तुझं पत्र आलं नाही तर मी बोटीत बसेन. मग गावभर ऐकू जाईल असं बोलेन, मला माझा आवाज ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे.

रागातही तुझीच,
ताई


शुइवेई
२२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. बोटीचं तिकीट काढू नकोस.

पत्र आलं त्याच दुपारी आत्यापुढे बसलो आणि गाडी फांगची होती हे सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती हातातली शेंग सोलत राहिली. मग म्हणाली की तिनं त्या खुणेपाशी खांदा बरा कर असं मागितलंच नव्हतं. खांद्याला डॉक्टर आहे. तिनं मागितलं होतं की मला टाकून गेला तो कोण, तेवढं कळू दे. आठ-दहा दिवसांत कळलं. देवी खोटी नाही, असं मलाच ऐकवलं.

पोलिसांकडे आम्ही दोघं गेलो. ते फांगच्या दारात कावड घेऊन आले, माप घेतलं, फोटो काढले आणि त्याला चौकशीला बोलावलं. फांगचा कर्णा तरीही सांगत होता की विरोधकांनी म्हातारीला फितवलंय. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्टूल घेऊन त्या गाडीशेजारी जाऊन बसली. रांगेतल्या प्रत्येकाला शांतपणे सांगायची की ही खूण जागृत आहे, मी स्वतः अनुभव घेतला, मला कोणी उडवलं ते विचारलं आणि देवीनं नाव सांगितलं. तुम्हालाही काही विचारायचं असेल तर विचारा. तिसऱ्या दिवशी रांगेत कोणी उरलं नाही. फांगच्या बायकोनं आजाऱ्याला देतात ती कोंबडीच्या अर्काची पेटी आणून तिच्या पायाशी ठेवली. आत्यानं ती पायानं बाजूला सरकवली.

काल फांग दुकानात आला. पोलिसांचे फोटो झालेत, आता हा पोचा काढ म्हणाला, आणि बजावलं, रंगाला धक्का लागता कामा नये. इतकं होऊनही त्याला रंगाचीच काळजी. देवीच्या खुणेला मी हात लावत नाही, असं मी म्हणालो. तो उंबऱ्यावर थुंकला. या वेळी ते धुवायला मी त्यालाच पाणी आणि फडकं दिलं. त्यानं धुतलं नाही. पण चार माणसं रस्त्यात उभी राहून बघत होती.

आता तू शेवटी लिहिलंस ते. तुझा अंदाज बरोबर होता, मी ते आठ दिवस गिळून बसलो होतो. आज सकाळी आत्याच्या खांद्याला तेल लावताना सांगितलं की बॉनेटवर आणखी एक मोठा पोचा होता, याच खांद्याचा, आणि तो मी काढून टाकला. आता तो कोणालाच दाखवता येणार नाही, फांग तो कधी नव्हताच म्हणतोय, आणि त्याचं बोलणं खोटं ठरवायला पत्र्यावर काही उरलेलं नाही. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

ती रागावली नाही. किती वेळ लागला, एवढंच तिनं विचारलं.

अडीच तास, मी म्हणालो.

तिनं बाही खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाली, "मीपण तेवढाच वेळ पडले होते रे तिथे."

लोभ असू दे, असं या वेळी हक्कानं लिहवत नाही.

चिनफा