रविवारी फोन मधेच ठेवला त्याबद्दल

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. रविवारी मी तुला एवढंच विचारलं की, आम्ही इकडे निघायच्या आदल्या दिवशी तू लग्नाबद्दल जे म्हणालीस ते अजून तसंच आहे का. तू ‘हो’ म्हणालीस आणि मी फोन ठेवला. तेव्हापासून तोंड बारीक करून बसली असशील, आणि आत्या ‘वहिनी रागावली वाटतं’ म्हणून त्यात भर घालत असेल. रागावले नव्हते. पण फोनवर आत्या तुझ्या शेजारी असते, आणि मला जे कबूल करायचंय ते फक्त तुझ्याजवळ. बाबांबरोबरचे एक फिटर उद्या परत निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. गुरुवारपर्यंत पोचेल.

आधी इथलं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या परक्या देशात आमची खोली एकच, पण खिडकीचा कट्टा रुंद आहे, त्यावर देव मांडलेत. समोरची म्हातारी रोज मला पूजा करताना बघून हात हलवते. तिला वाटत असावं, मी कुंड्यांना पाणी घालते. बाबा कारखान्यात गेले की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून स्तोत्राशिवाय शब्द निघत नसे. म्हणून कोपऱ्यावरच्या वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात बाई हवी आहे असं कळल्यावर मी म्हटलं, बाबांचं काम संपेपर्यंत सहा महिने भिंतीशी बोलण्यापेक्षा चादरींशी बोलेन.

तिथे एक लांबलचक तापलेला रूळ आहे. मी या बाजूने ओलसर चादर सरकवते, ती पलीकडे इस्त्री होऊन निघते. पहिल्याच दिवशी मुकादम बाईंनी बांगड्या, तुळशीची माळ, मंगळसूत्र, सगळं काढून कपाटात ठेवायला लावलं. रुळाजवळ अंगावर लोंबतं काही नको. मी देवाला सांगितलं, ही आठ तासांची सुट्टी आहे, मनावर घेऊ नकोस. माझं मॅट्रिकचं इंग्रजी आणि बाईंचं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे आमचं जमतं. फक्त घाईत असल्या की त्या आपल्या भाषेत शिरतात, आणि त्या भाषेत त्यांनी नुसता झाडू मागितला तरी मला वाटतं नोकरी गेली.

रुळाच्या वर एक लाल दोरी आहे. ओढली की यंत्र जागीच थांबतं. कुणीही ओढावी, असं मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मी ऐकून सोडून दिलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. चुकीच्या बसमध्ये बसलेय हे कळलं, तरी कंडक्टरला कसं सांगायचं म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत जाणारी बाई मी.

गेल्या गुरुवारी सरकवता सरकवता चादरीच्या चुणीत मणी दिसले. वाटलं, कुणा आजोबांची जपमाळ, उशाशी घेऊन झोपले असतील, आता तिचा चुरा होणार. दोरी कधी ओढली ते माझं मलाच कळलं नाही. सगळं गप्प झालं. नऊ जणी गोळा झाल्या. बाईंनी चादर उलगडून माळ वर धरली, तर ती पडद्याची दोरी निघाली, टोकाला लाकडी मणी ओवलेली. सगळ्या पोट धरून हसल्या. रूळ पुन्हा तापायला पंधरा मिनिटं लागणार होती. मी माफी मागत राहिले. बाई म्हणाल्या, “उगाच थांबवलंस तर पंधरा मिनिटं जातात. थांबवावंसं वाटूनही थांबवलं नाहीस, तर हात जातो.” एवढं बोलून त्या आपल्या कामाला लागल्या.

मी मात्र दिवसभर चादरी सरकवत होते आणि कानात निघायच्या आदल्या दिवशीचं तुझं बोलणं. “आई, तो मला माझं वाक्य पुरं करू देत नाही. मला भीती वाटते.” मी डाळ निवडत होते, मान वर केली नाही. म्हटलं, तुझे बाबाही आधी तसेच होते, लग्नानंतर सगळं सुरळीत होतं. चिऊ, बाबा कधीच तसे नव्हते. मी खोटं बोलले. आणि लग्नाच्या खरेदीला दुकानात तू निळी साडी हातात घेतलीस, तर तुझ्या आधी तोच म्हणाला की हिला निळा आवडत नाही. तू ती मुकाट्याने खाली ठेवलीस, ते मीही पाहिलं होतं.

तर फोन ठेवला तो एवढ्यासाठी की, धीर ओसरायच्या आत मला त्याच्या आईला फोन लावायचा होता. सांगितलं, लग्न होणार नाही. मुलीने मला वेळेवर सांगितलं होतं, मीच दाबून ठेवलं, चूक माझी. त्या पुष्कळ बोलल्या, मी उभ्याने ऐकलं. मग बाबांकडे वळले, म्हटलं आता हे तोफ डागणार. तर म्हणतात कसे, “मला तो पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता. तू खुशीत होतीस म्हणून गप्प बसलो.” सव्वीस वर्षांत या माणसाचा इतका राग आणि इतकी माया एकदम कधी आली नव्हती. त्यानंतर दोघं पोटभर जेवलो. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

शनिवारी त्याची आई अंगठी न्यायला येईल. तोवर तुला कुणी फोन करायचा नाही, असा शब्द मी त्यांच्याकडून घेतलाय. आतल्या खोलीत जाऊन बसू नकोस. चहा कर, अंगठी तुझ्या हाताने दे. त्या जे बोलतील ते माझ्या नावावर ऐकून घे. आत्या रागाच्या भरात पत्रिकांचे गठ्ठे जाळायला निघेल. जाळू देऊ नकोस. पाठकोऱ्या आहेत, माझ्या वर्षभराच्या वाणसामानाच्या याद्या त्यावर होतील.

तुझीच आणि तुझ्याच बाजूची,
आई