कललेल्या माडाची उंची

आचरा, ४ मे २०२५

चि. प्राजक्तास अनेक आशीर्वाद.

फोनवर माडाचा विषय निघाला की मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. तो स्वयंपाकघराकडे कललाय, पावसाआधी तोडू, असं तू म्हणतेस. पण तो यांनी लावलेला, आणि हे जाऊन अजून वर्षही झालं नाही. शेजारचे दाजी म्हणतात, माडाक डोळे आसतत, तो माणसावर पडूचो नाय. माझा त्या डोळ्यांवर भरवसा नाही, म्हणून मी मोजलं.

यांच्या खगोलाच्या पुस्तकात आहे, सूर्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची त्याची उंची, पंचेचाळीस झाले की सावली वस्तूएवढी होते. अंगणात काठी रोवून बसले. तिची सावली तिच्याएवढी झाली, तशी शेंड्याच्या बरोबर खालच्या जागेपासून शेंड्याच्या सावलीपर्यंत सुंभ ताणला. तोच मग बुंध्यापासून घराकडे नेला. भिंतीला लागला नाही! शोकसभेत सगळे यांना फार उंचीचा माणूस म्हणत होते, आणि हे तर माझ्या कानाला लागायचे. उंची आपण मोजूनच पाहावी.

माड राहू दे, एवढं लिही. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी आई


कणकवली, ८ मे २०२५

ती. आईस प्राजक्ताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझ्या नववीच्या वर्गात वाचून दाखवावं असं आहे. मोजणी चोख. पण आई, तू मोजलास तो शिरोलंब, शेंड्यापासून जमिनीवर सरळ सोडलेली रेघ. माड उभा असता तर तेवढं पुरलं असतं. आपला कललाय. पडेल तेव्हा लंब पडणार नाही, आख्खं खोड पडेल, आणि तिरकी बाजू लंबाहून मोठीच असते.

बाबांचा माड तोड, हे लिहिताना माझाही हात अडतो. पण वारा सुटला की माझं इथे कशात लक्ष लागत नाही. तू त्याच भिंतीलगत झोपतेस. रागाव हवं तर, माया मात्र कमी करू नकोस.

तुझी प्राजू


आचरा, १५ मे २०२५

चि. प्राजूस आशीर्वाद.

माड उतरवला. दत्ताराम वर चढला आणि शेंड्याकडून एकेक तुकडा कापून दोराने सोडत आला. त्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. ते घरच्या पुरुषाने घालायचं, म्हणून सगळे दाजींकडे बघत होते आणि दाजी माझ्याकडे. शेवटी म्हणाले, वयनी, तुमीच घाला, लावणाऱ्याचा नाव तुमच्याच तोंडात शोभता. मी नारळ ठेवला. म्हटलं, बा देवा म्हाराजा, लावणारा आता नाही, मागे राहिलेल्यांना घर राखायचंय, चूकभूल पोटात घाल. सगळे होय म्हाराजा म्हणाले.

तरी मन मानेना. तुकडे बुंध्यापासून घराकडे ओळीने मांडायला लावले. शेवटच्याला जागाच उरली नाही. भिंत आडवी आली.

तो आत घेतलाय. त्यावर बसूनच हे लिहिते.

लोभ पत्रात किती मावणार, येऊन जा.

तुझी आई